बैलाचा गॅस

चंपत माळ्याने परवानगीची वाट न पाहता घरामागे खड्डा खणायला घेतला, तेव्हा सगळ्यांत मोठ्याने हसला तो भिवाजी.

"अबे चंपत, सरपंचाचा ठराव नाई, तालुक्याचं परमिट नाई, अन् तू खड्डा खांदून राह्यला? सायब येईन तं तुलेच पुरन त्यात."

"पुरू दे ना," चंपत खालूनच म्हणाला. "तयार खड्डा तं भेटन त्याले."

चंपत हा मेथी-वांगी पिकवून मंगरूळच्या बाजारात विकणारा माणूस. आधी पाणी सोडायचं आणि पाट मागाहून नीट करायचा, ही त्याची रीत. भिवाजीचा पिंडच निराळा. उमेदीची सगळी वर्षं त्याने वाशीम स्टेशनच्या रेल्वे गँगमध्ये रूळ सांभाळण्यात घालवली होती. तिथे एक गोष्ट त्याच्या हाडात मुरली होती. वरून हुकूम आल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. 'लाइन किलेर भेटल्याबिगर गाडी हालत नाई' हे त्याचं वाक्य आसेगावाजवळच्या त्या गावात इतकं प्रसिद्ध होतं की लग्नात नवरदेव अडून बसला तरी लोक भिवाजीकडे बघून हसत. नोकरी लवकर सोडून त्याने फंडाच्या पैशातून थोडी जमीन घेतली होती. दावणीला एक बैलजोडी, एक गाय, दोन म्हशी. शेणाची ददात नव्हती.

आणि आणीबाणीच्या त्या साली सगळीकडे शेणाचीच चर्चा होती. अंगणात विहिरीसारखा खड्डा बांधायचा, त्यात शेण कालवून ओतायचं, वर लोखंडी टाकी उपडी घालायची. टाकीत गॅस साठतो आणि नळीतून थेट चुलीपाशी येतो. लाकूड नाही, गोवरी नाही, धूर नाही.

बाकीच्यांना त्यात नवलाई होती. भिवाजीला त्यातला एकच शब्द ऐकू आला होता. धूर नाही.

लिलाबाई, त्याची बायको, धुराने पोखरली होती. लग्न होऊन आल्यापासून ती त्या चुलीपुढे बसत होती आणि आता छातीतून भाता फाटल्यासारखा आवाज येई. एकुलती लेक बेबीताई लग्न होऊन धनजला गेलेली, घरात दुसरं माणूस नाही. वाशीमच्या डॉक्टरने छाती तपासून भिवाजीला बाजूला घेतलं होतं. "बाईंना धुरापासून दूर ठेवा. हा हिवाळा त्याच चुलीपुढे काढला तर मग माझ्याकडे आणू नका."

आता धुरापासून दूर ठेवायचं म्हणजे काय? भिवाजीने स्वतः फुंकणी घ्यावी, दोन भाकरी भाजाव्यात, बाईने अंगणात हवेशीर बसावं. उपाय समोर होता आणि फुकट होता. पण तो कुणाच्या डोक्यात आला नाही. डॉक्टरच्या आला नाही, भिवाजीच्या आला नाही आणि खुद्द लिलाबाईच्याही आला नाही. पुरुषाने चुलीपुढे बसण्यापेक्षा शेणातून गॅस काढणं सोपं वाटावं, असे आपण लोक आहोत.

तर भिवाजी लाइन किलेर आणायला निघाला.

घरी गॅस करायचा तर आधी ग्रामपंचायतीचा ठराव लागे. शेजाऱ्यांची हरकत नाही, पाण्याच्या विहिरीला धोका नाही, असं सरपंचाने सहीनिशी म्हणायचं. मग कागद तालुक्याला जायचा, मग सिमेंटचं परमिट. सिमेंट तेव्हा औषधासारखं मोजून मिळे. सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे सगळ्यांना ठाऊक होतं. भिवाजीला थांबण्याचं काही वाटत नसे. तो उन्हाळ्यात अर्ज देऊन बसला.

सरपंच होते पुंजाजी पाटील. गोड माणूस. कुणाला नाही म्हणाले असं कधी झालं नाही.

"काहून नाई भिवाजी, तुह्यं काम म्हंजे आपलं काम. सभेत घेतो."

सभा झाली, विषय राहिला. पुढची सभा झाली, पाटलांना लग्नाला जायचं होतं. मग पेरण्या आल्या. मग पोळा. भिवाजी दर वेळी टोपी सारखी करून पाटलांच्या ओट्यापुढे उभा राही आणि 'पुढच्या सभेत' हा शब्द घेऊन घरी येई. इकडे चंपतचा खड्डा दगड-चुन्याने वरपर्यंत बांधून झाला.

"तुमीबी खांदा ना," लिलाबाई एकदा म्हणाली. खोकत खोकत म्हणाली.

"आपल्याले चंपतसारकं जमत नाई, लिला. त्याले माफ आहे. आपन नियम मोडला की गाव वाटच पाहून राह्यते."

हे मात्र खरं होतं. बोलताना त्याची नजर भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे आणि शेजारी टांगलेल्या बापाच्या फोटोकडे गेली. फोटोतसुद्धा जानरावांचा डावा हात वाकडा दिसे.

तो हात छप्पनच्या हिवाळ्यात वाकडा झाला. नागपूरहून दीक्षा घेऊन वस्तीतली माणसं परत आली आणि त्यांनी एकमुखाने सांगितलं, आजपासून गावाचं मेलेलं ढोर आम्ही ओढणार नाही. गावाला ते खरंच वाटेना. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी ओढलं ते नाही म्हणतात म्हणजे काय? वस्तीला दुकान बंद झालं, चक्की बंद झाली, शेतातलं काम बंद झालं. शेवटी पुंजाजीच्या बापाने एका मेलेल्या गाईच्या पायाला चऱ्हाट बांधलं आणि त्याचं टोक जानरावांच्या हातात कोंबलं. जानरावांनी ते सोडून दिलं. पुन्हा कोंबलं, पुन्हा सोडलं. तिसऱ्या वेळी काठी बसली आणि हाड मोडलं. मोडलेल्या हातातही चऱ्हाट राहीना, तेव्हा गाव दमलं. नवी सून लिलाबाई त्या वेळी दारात उभी होती. पुढे सासऱ्याचा तो हात तिनेच शेकला, चुलीपुढे बसून, महिनाभर. ढोर ओढण्याचं काम त्या दिवसापासून गावातून उठलं. पुढे पाटलांनी ट्रॅक्टर घेतला आणि कुणाचं जनावर मेलं की साखळी लावून तेच नेऊन टाकू लागले.

दिवाळी जवळ आली. पहाटेचा गारवा सुरू झाला आणि धूर छपरात कोंडू लागला. एका सकाळी चूल पेटवताना लिलाबाईला असा उबळीचा खोकला लागला की ती तव्याशेजारीच आडवी झाली. ओठ काळेनिळे पडले. भिवाजी पाठ चोळत राहिला आणि श्वास परत आला तसा सरळ पाटलांच्या घरी गेला.

पाटलांच्या गोठ्यापुढे त्यांचा म्हातारा बैल मरून पडला होता. पुंजाजी ओट्यावर दात घासत बसले होते.

"पाटील, सभा जाऊ द्या. सही द्या. बायको मरून राह्यली माही."

पुंजाजींनी चूळ भरली. तोंड पुसलं. मग बैलाकडे बोट दाखवलं.

"हे एवढं ओढून टाकून दे ढोराच्या खड्ड्यात. आजच्या आज ठराव घे."

भिवाजीला आधी कळलंच नाही. "तुमच्यापाशी तं टॅक्टर आहे."

"आहे ना. डिझेलबी आहे. पन ह्या बैलानं जल्मभर चाकरी केली माही. त्याले रितीनं जाऊ दे म्हन्लं." आवाज तसाच गोड होता. "जबरदस्ती नाई बापा. आता कायदे आहेत, आनीबानी आहे, आमी भेतो. तुह्या मनावर आहे. तुही जोडी जुंप, साखळी लाव. फक्त कासरा तुह्या हाती पायजे. अन् दिवसाढवळ्या."

अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं म्हणायला सोपं असतं. म्हणीत गाढव निदान मुकं असतं.

भिवाजी घरी आला तेव्हा लिलाबाई उंबऱ्याला टेकून बसली होती आणि तोंड उघडं ठेवून हवा आत ओढत होती, मासा ओढतो तशी. त्याने तिला काही सांगितलं नाही. बैल सोडले आणि घेऊन गेला.

त्याच्या बैलांनी मेलेल्याचा वास घेतला आणि ते बिचकले. मागे सरले, शिंगं हलवू लागले. भिवाजीने चुचकारलं, मग मारलं. त्याने आजवर बैलावर हात उगारला नव्हता. ओट्यावर हळूहळू माणसं जमली. लोक नुसते बघत राहिले, जणू जुना हरवलेला जिन्नस सापडला होता. वर्षानुवर्षं ठसठसत असलेली एक गोष्ट आज त्यांच्या डोळ्यांदेखत बरी होत होती. शेवटी बैल हलले. साखळी ताणली, धूड घसरू लागलं.

ढोरं टाकायच्या खड्ड्याकडे जाणारी वाट बौद्ध वस्तीतूनच जाते. जुन्या लोकांनी ती तशी मुद्दामच आखलेली. विहाराजवळ त्याचा चुलतभाऊ ग्यानबा लाकडं फोडत होता. त्याने पाहिलं, कुऱ्हाड खाली ठेवली आणि घरात जाऊन दार लावलं. मग पुढचं दार लागलं. मग त्याच्या पुढचं. भिवाजी कासरा धरून चालत राहिला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दारं लागत गेली.

फक्त त्याच्या स्वतःच्या घराचं दार उघडं होतं, कारण उंबऱ्यावर लिलाबाई बसली होती. तिला उठता येत नव्हतं. बैल तिच्यासमोरून गेला, पाय वर, मान मागे लोंबत. तिने बैलाकडे पाहिलं नाही. नवऱ्याच्या हाताकडे पाहिलं.

तो परत आला, अंगणात आंघोळ केली, घासून घासून केली. आत आला तर चूल पेटलेली आणि घर धुराने भरलेलं.

"लिला, काम झालं. ठराव भेटला."

ती भाकरी थापत राहिली.

"तुह्याचसाठी केलं म्या."

"माह्या नावानं नोका सांगू," ती म्हणाली. श्वास पुरेना म्हणून थांबली, मग उरलेलं बोलली. "माह्या खोकल्यानं तुमाले असं कराले नाई सांगतलं. मामंजीचा हात म्या शेकला आहे."

एवढंच. मग तिने भाकरी तव्यावर टाकली.

आठच दिवसांत गावात साहेब आले. आणीबाणीच्या दिवसांत साहेब लोक वेळेवर येत आणि आले की काम करूनच जात. चावडीपुढे निंबाखाली टेबल टाकलं, आसपासच्या गावांतलेही लोक जमले. साहेब तरुण होता, हातात टेप, पायात धुळीचे बूट. त्याने सगळ्यांना बसवलं आणि मोठ्याने सांगितलं, "आता कुणी हेलपाटे घालायचे नाहीत. घरच्या गोबर गॅसला ग्रामपंचायतीचा ठराव लागत नाही. सरपंचाची सही लागत नाही. नियम सोपा केलाय सरकारनं. जागा स्वतःची असली, जनावरं असली की मी बघणार, इथंच परवानगी देणार, सिमेंटसुद्धा इथंच मंजूर. दसऱ्याच्या आधीच कळवलंय सगळ्या सरपंचांना. तुम्हाला सांगितलं असेलच पाटलांनी."

लोक टाळ्या वाजवू लागले. पहिला चंपत उठला. साहेब त्याच्या घरी गेला, बांधलेला खड्डा टेपने मोजला, पाठ थोपटली आणि त्याला परवानगी दिली. त्याला तर विचारलंही नाही की आधी कुणाला विचारून खणलं.

भिवाजी हातात ठरावाचा कागद धरून उभा होता. त्याची पाळी आली तेव्हा त्याने तो पुढे केला. साहेबाने एक नजर टाकली आणि परत दिला. "हे नको आता. हे घरी ठेवा. जागा दाखवा."

भिवाजी घराकडे निघाला नाही. तो वळला आणि खुर्चीत बसलेल्या पुंजाजींपाशी गेला.

"पाटील. तुमाले मालूम होतं?"

पुंजाजी पान लावत होते. त्यांनी वर पाहिलं. तोंडावर राग नव्हता की लाज नव्हती. पोराला हिशेब समजावून सांगावा तसे ते हळू आवाजात बोलले.

"मालूम होतं म्हनून तं घाई केली, भिवाजी. आज सायब येनार, तुह्यं काम फुकटात होनार. मंग तू कायले आला असता माह्या दारात?" त्यांनी पान तोंडात घातलं. "माहा बाप ते एक काम अर्धं टाकून गेला होता. एवढीच खंत होती."

भिवाजीने काय करावं? त्याने पाटलांच्या नरड्याला हात घालावा असं ही गोष्ट सांगणाऱ्याला वाटतं. ऐकणाऱ्यालाही वाटत असेल. पण जन्मभर हुकमाची वाट पाहिलेल्या माणसाचा हात हुकमाशिवाय उठत नाही. तो साहेबाच्या मागे गेला आणि त्याने जागा दाखवली.

सिमेंट आलं, टाकी आली. भिवाजीने चार माणसांचं काम एकट्याने केलं, कारण वस्तीतलं कुणी मदतीला आलं नाही. विहारात त्याला यायला कुणी मनाई केली नाही. तो आला की सतरंजीवर त्याच्या आजूबाजूची जागा रिकामी होई, इतकंच. आणि गावाने त्या टाकीचं नाव ठेवलं 'बैलाचा गॅस'. रस्त्याने जाणारा कुणीही विचारी, "काय भिवाजी, पेटला का बैल?"

पेटला. थंडी ऐन भरात असताना एका दुपारी शेगडीवर निळी ज्योत उभी राहिली. नावालाही धूर नव्हता. भिवाजी धावत लिलाबाईला बोलवायला गेला.

ती आली नाही. परसात तिने तिची चूल हलवली होती, तीही वाऱ्याला आडोसा म्हणून चारी बाजूंनी तट्ट्या लावून. म्हणजे घरात होता त्यापेक्षा दुप्पट धूर. भिवाजीने गॅसवर चहा केला. तिने घेतला नाही. त्याने गॅसवर भात केला. तिने चुलीवरची अर्धी भाकरी खाल्ली. त्याने हात जोडले, शिव्या दिल्या, एकदा तिची चूल लाथेने फोडली. दुसऱ्या दिवशी तिने माती कालवली आणि नवी घातली. माती कालवताना ती दर ओंजळीला थांबत होती.

"मरशीन तू, लिला."

"मरन ना," ती म्हणाली. "पन बैलावर शिजवलेलं खाऊन नाई मरनार."

कुणी म्हणेल, बाई हट्टी. हट्टीच होती. ज्या माणसाने तिच्यासाठी स्वतःला विकलं त्याला तिने रोज दोन वेळा, त्याच्या डोळ्यांसमोर, धूर गिळून शिक्षा दिली. पुंजाजींनी त्याला एकदाच ओढायला लावलं होतं. लिलाबाईने संक्रांतीपर्यंत ओढायला लावलं.

संक्रांतीनंतर ती उठलीच नाही. एका सकाळी श्वास आत गेला तो बाहेर आला नाही.

बेबीताई धनजहून आली. आता मात्र वस्तीतली दारं उघडली. बाया आल्या, ग्यानबा आला, तिरडीचं सामान आलं. आंघोळीचं पाणी तापवायचं होतं. भिवाजी आत गेला आणि त्याने मोठं पातेलं शेगडीवर ठेवून गॅस पेटवला. एवढं तरी आता तिच्या कामी येईल असं त्याला वाटलं असावं.

बेबीताईने ते पाहिलं. तिने चिंधीने पातेलं धरलं, उतरवलं आणि बाहेर अंगणात घेऊन आली.

"नाई बाबा," ती म्हणाली. "आईले तिच्या चुलीचं पानी घालू."

मोठं पातेलं परसातल्या चुलीवर बसणारं नव्हतं, म्हणून अंगणात तीन दगड मांडले. लाकडं दवाने ओली होती, पेट घेईनात. बाया आत लिलाबाईभोवती गुंतल्या होत्या. बेबीताईने परसातून फुंकणी आणली, क्षणभर हातात धरली आणि बापापुढे केली. कासरा धरलेले ते हात पुढे आले आणि त्यांनी फुंकणी घेतली.

भिवाजी दगडांपुढे उकिडवा बसला आणि फुंकू लागला. आयुष्यात पहिल्यांदाच. फुंकायचं कसं हेही त्याला येत नव्हतं. त्याने तोंड फार जवळ नेलं आणि सगळा धूर छातीत गेला. तो खोकला. तसाच कोरडा, भाता फाटल्यासारखा.

तो आवाज ऐकून आतल्या सगळ्या बायांनी दचकून लिलाबाईकडे पाहिलं.

पाणी तापायला बराच वेळ लागला.